वेड, निवेदन आणि विश्वास : गॉथिक लघुकथेतील अविश्वसनीय निवेदक आणि मराठी वाचक

प्रस्तावना

कथा सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा कथाश्रवणाचा पहिला संकेत होय. आटपाट नगर होते असे सांगितले की ते होतेच. श्रोता त्याचा पुरावा मागत नाही. एकोणिसाव्या शतकातील गॉथिक लघुकथेने हा संकेत जाणीवपूर्वक मोडला. कथा सांगणारा स्वतःच भ्रमिष्ट असेल, किंवा तो भ्रमिष्ट आहे असे भोवतालच्या माणसांनी ठरवले असेल, तर त्याच्या कथनाचे वाचकाने काय करावे, हा प्रश्न या कथेने प्रथमच इतक्या तीव्रतेने उभा केला. एडगर ॲलन पो (१८०९–१८४९), शार्लट पर्किन्स गिलमन (१८६०–१९३५) आणि हेन्री जेम्स (१८४३–१९१६) यांच्या या प्रकारच्या कथा महाविद्यालयीन अध्यापनात सुपरिचित आहेत. तथापि त्यांची वर्गातील चर्चा बहुधा ‘निवेदक वेडा आहे की शहाणा?’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. प्रश्नाचे उत्तर ‘वेडा’ असे मिळाले की कथा सुटली, असा समज होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. वेडा असणे आणि खोटे बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गॉथिक कथेचे सामर्थ्य या दोहोंमधील अंतरात आहे. शिवाय निवेदकाची अविश्वसनीयता केवळ संहितेत नसते, तर वाचक ज्या मापाने तिला मोजतो त्या मापातही ती असते. मराठी वाचकाजवळ असलेले माप पाश्चात्त्य वाचकाच्या मापाहून वेगळे आहे. हे स्पष्ट करण्यासाठी लेखात प्रथम मूळ संकल्पना, नंतर निवडक कथा, त्यानंतर मराठी भाषेतील आणि विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या परिसरातील ‘वेड’ या कल्पनेचे अर्थ, आणि शेवटी मराठी गूढकथा अशा क्रमाने विवेचन केले आहे.

अविश्वसनीय निवेदक : संकल्पनेचे स्वरूप

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (१९६१) या ग्रंथात रूढ केली. संपूर्ण कलाकृतीतून जी मूल्यदृष्टी ध्वनित होते, तिच्याशी निवेदकाचे बोलणे आणि वागणे जुळत असेल तर तो विश्वसनीय, जुळत नसेल तर अविश्वसनीय, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे लेखक आणि वाचक निवेदकाच्या पाठीमागे, त्याच्या नकळत, एकमेकांना खूण करीत असतात.

ही मांडणी पुढे दोन दिशांनी विकसित झाली. जेम्स फेलन यांनी अविश्वसनीयतेचे तीन स्तर वेगळे केले. निवेदक घडलेल्या घटना जशाच्या तशा सांगतो का, हा पहिला स्तर. त्या घटनांचा अर्थ तो नीट लावतो का, हा दुसरा. आणि योग्यायोग्यतेचा निवाडा तो नीट करतो का, हा तिसरा. एकाच निवेदकाचे तीनही स्तर सारखेच डळमळीत असतील असे नाही. दुसरी दिशा जर्मन अभ्यासक आन्सगार न्यूनिंग यांची. अविश्वसनीयता हा निवेदकाला चिकटलेला गुण नसून, कथेतील विसंगतींचा उलगडा करण्यासाठी वाचकाने योजलेली ती एक वाचनरीती आहे, असे त्यांनी १९९० च्या दशकात प्रतिपादिले. वाचकाच्या मनात ‘सामान्य माणूस’ म्हणजे काय याची जी कल्पना असते, तिच्यावर ही रीती अवलंबून असते. साहजिकच काळ आणि समाज बदलला की निवेदकाविषयीचा निवाडाही बदलू शकतो. प्रस्तुत विवेचनात या दोन्ही विचारांचा आधार घेतला आहे.

पो : शहाणपणाचा युक्तिवाद

पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा जानेवारी १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वृद्धाच्या गिधाडासारख्या डोळ्याची धास्ती घेतलेला निवेदक आठ रात्री त्याच्या खोलीत डोकावतो, आठव्या रात्री त्याचा खून करतो, प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवतो आणि पोलिसांसमोर बसलेला असताना त्या मृताच्या हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागल्याने स्वतःच गुन्हा कबूल करून मोकळा होतो. ही कथा मूलतः एक युक्तिवाद आहे. आपण वेडे नाही हे निवेदकाला सिद्ध करायचे आहे, आणि त्यासाठी तो आपली सावधगिरी, आपला धीर आणि आपले शांत कथन पुरावा म्हणून पुढे करतो.

फेलन यांचे तीन स्तर येथे लावून पाहावेत. घटनांच्या पातळीवर हा निवेदक बराचसा विश्वसनीय आहे. कंदिलाची फट किती उघडली, दार उघडायला किती वेळ लागला, हे तो काटेकोरपणे सांगतो. अर्थाच्या पातळीवर तो घसरतो; ऐकू येणारे ठोके त्याच्या स्वतःच्या छातीतले असू शकतात, ही शक्यता त्याला शिवतही नाही. मूल्यांच्या पातळीवर तर तो पूर्णपणे ढळलेला आहे. ज्या वृद्धावर आपले प्रेम होते असे तो म्हणतो त्याला मारणे त्याला समजण्याजोगे वाटते. म्हणजे येथे वेडाची खूण तर्काच्या अभावात नाही. तर्क शाबूत आहे, किंबहुना तो गरजेपेक्षा अधिक आहे. फक्त ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते गृहीतक भयंकर आहे.

याच वर्षी इंग्लंडमध्ये वेड आणि जबाबदारी यांचा प्रश्न न्यायालयात आला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. डॅनियल मॅक्नॉटन याने जानेवारी १८४३ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. राजकीय पक्ष आपला छळ करीत आहे असा त्याचा भ्रम होता. तो वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरला. त्यावर उठलेल्या वादळामुळे न्यायाधीशांनी पुढे जे निकष सांगितले, तेच ‘मॅक्नॉटन नियम’ म्हणून ओळखले जातात. आपण काय करीत आहोत किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत होते का, हा त्यांतील मुख्य प्रश्न. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ८४ मध्ये हाच विचार उतरला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये तो कायम राहिला आहे. पो यांच्या निवेदकाला हा निकष लावला तर तो सुटणार नाही, कारण ज्याने प्रेत दडवले त्याला कृत्याचे स्वरूप आणि त्याचा दोष दोन्ही कळत होते. कायद्याच्या दृष्टीने जबाबदार आणि वाचकाच्या दृष्टीने भ्रमिष्ट, अशी ही दुहेरी स्थिती आहे. ‘वेडा’ हा एकच शब्द कायदा, वैद्यक आणि साहित्य यांत एकाच अर्थाने वापरता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक कॅट’ या कथेत पो उलट टोक गाठतात. फाशीच्या आदल्या दिवशी लिहिणारा हा निवेदक प्रारंभीच सांगून टाकतो की, आपल्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी आपली अपेक्षा नाही. एक निवेदक विश्वासाची मागणी करतो म्हणून आपण सावध होतो. दुसरा विश्वास नाकारतो म्हणून आपण त्याच्याकडे झुकतो. ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) मधील माँट्रेसॉर तर वेडाचा विषयही काढत नाही. पन्नास वर्षांपूर्वी भिंतीआड जिवंत चिणलेल्या माणसाची हकीकत तो इतक्या सभ्यपणे सांगतो की, ती सभ्यताच अंगावर येते.

पो यांच्या आणखी दोन कथांत ‘वेडा कोण?’ हा प्रश्न निवेदकावर उलटतो. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) मधील निवेदक हा बाहेरून आलेला समंजस पाहुणा. आजारी आहे तो त्याचा मित्र रॉडरिक. परंतु शेवटच्या क्षणी रॉडरिकच त्याला वेडा म्हणून संबोधतो, आणि दाराबाहेर कोण उभे आहे याविषयी रॉडरिकचेच म्हणणे खरे ठरते. ‘द सिस्टिम ऑफ डॉक्टर टार अँड प्रोफेसर फेदर’ (१८४५) मध्ये वेड्यांचे इस्पितळ पाहायला गेलेल्या निवेदकाला यजमान म्हणून भेटलेले लोकच तेथील रुग्ण आहेत, हे फार उशिरा कळते. येथे निवेदक वेडा नाही. तो केवळ शहाण्यांच्या पोशाखावर भाळलेला आहे. वेड ओळखण्याचे सामर्थ्य शहाण्यांजवळ असतेच, या समजुतीवर पो यांनी येथे विनोदाच्या अंगाने बोट ठेवले आहे.

गिलमन : खोटे दृश्य, खरी तक्रार

गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीच्या उपचारासाठी भाड्याच्या जुन्या वाड्यात आणतो. लिहायचे नाही, विचार करायचा नाही, माणसांत मिसळायचे नाही, असा हा उपचार. खिडक्यांना गज असलेल्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या निवेदिकेला भिंतीच्या पिवळ्या कागदावरील नक्षीमागे एक कोंडलेली स्त्री दिसू लागते. शेवटी ती कागद सोलून काढते आणि शुद्ध हरपलेल्या नवऱ्याच्या अंगावरून रांगत राहते.

फेलन यांचे स्तर येथे नेमके उलटे पडतात. भिंतीमागे कोणी स्त्री नाही. म्हणजे घटनांच्या पातळीवर निवेदिका चुकते आहे. परंतु हा उपचार आपल्याला मारक आहे, आपल्याला काम आणि सोबत हवी आहे, हा तिचा निवाडा मात्र पूर्णपणे योग्य आहे. याउलट तिचा नवरा भ्रमिष्ट नाही, प्रेमळ आहे, सुशिक्षित आहे. तरीही तिच्या प्रकृतीविषयी त्याने काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकीचा ठरतो. कथेत विश्वसनीय मानला गेलेला माणूस चुकतो आणि अविश्वसनीय ठरवली गेलेली व्यक्ती मुख्य मुद्द्यावर बरोबर असते. सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरांचा असा उपचार गिलमन यांनी स्वतः अनुभवला होता आणि आपण ही कथा का लिहिली याचे स्पष्टीकरणही त्यांनी १९१३ मध्ये दिले. त्यामुळे कथेतील तक्रार ही केवळ पात्राची राहत नाही. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार यांच्या ‘द मॅडवुमन इन द अॅटिक’ (१९७९) या ग्रंथानंतर या कथेचे स्त्रीवादी वाचन सर्वमान्य झाले. तरी प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते एवढेच : निवेदिकेची अविश्वसनीयता तिच्या आजारातून जितकी येते तितकीच ती तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असल्यामुळेही येते.

जेम्स आणि टागोर : कथेभोवतीची कथा

हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या दीर्घकथेत एक तरुण शिक्षिका दोन मुलांच्या सांभाळासाठी आडगावच्या एका घरात येते. तेथे मरण पावलेले दोन नोकर तिला दिसू लागतात. घरातील अन्य कोणी ते पाहिल्याचे सांगत नाही. भुते खरी की ती तिच्या दडपलेल्या मनाची निर्मिती, हा वाद एडमंड विल्सन यांच्या १९३४ मधील लेखाने पेटला आणि तो अद्याप मिटलेला नाही. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याची जी व्याख्या केली, तिच्या केंद्रस्थानी हाच अनिर्णय आहे : घटनेचे नैसर्गिक स्पष्टीकरण स्वीकारावे की अलौकिक, याविषयी वाचक जोवर दोलायमान असतो तोवरच अद्भुताचे अस्तित्व असते.

या अनिर्णयाचे उत्तम भारतीय उदाहरण म्हणजे रवींद्रनाथ टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) ही कथा. टागोर १८७८ मध्ये अहमदाबादच्या शाहीबाग राजवाड्यात राहिले होते. त्या वास्तूची छाया या कथेवर आहे. रेल्वेच्या प्रवासात भेटलेला एक गृहस्थ, निजामाच्या नोकरीत कापसावरील जकात वसूल करीत असताना एका निर्जन राजवाड्यात आपल्याला आलेले अनुभव सांगतो. दिवसा हिशेब तपासणारा हा माणूस रात्री गतकाळातील विलास आणि वेदना यांच्या जाळ्यात ओढला जातो. त्या वाड्याभोवती रोज पहाटे मेहेर अली नावाचा एक वेडा फिरत असतो आणि सर्वांना दूर राहण्याचा, हे सारे मिथ्या असल्याचा इशारा देत असतो. म्हणजे संपूर्ण कथेत वस्तुस्थिती सांगणारा एकमेव माणूस वेडा आहे. ज्याला शहाणा मानले जाते तो भ्रमात बुडाला आहे. पुढे गाडी येते, सांगणारा निघून जातो आणि गोष्ट अपूर्ण राहते. ऐकणाऱ्या दोघांपैकी एक म्हणतो, त्याने आपल्याला बनवले; दुसरा थिऑसॉफीचा अनुयायी असल्याने ते मानत नाही. या मतभेदावरून दोघांचे संबंध कायमचे तुटतात. विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न कथेतून बाहेर पडून श्रोत्यांच्या आयुष्यात शिरतो. वाचकाच्या मापाप्रमाणे निवाडा बदलतो हे न्यूनिंग यांचे म्हणणे टागोरांनी कथेच्या रचनेतच गुंफले होते.

मराठीतील ‘वेड’ : आतले आणि बाहेरचे

आता मराठी वाचकाच्या मापाकडे वळता येईल. मराठीत ‘वेड’ या शब्दाला केवळ रोगाचा अर्थ नाही. वेडा, खुळा, भ्रमिष्ट, चळलेला हे शब्द एका बाजूला आहेत. विठ्ठलाचे वेड, सुरांचे वेड, वेड लावणे हे प्रयोग दुसऱ्या बाजूला आहेत. तिसरा गट आहे तो झपाटणे, लागीर होणे, अंगात येणे, वारे येणे यांचा. या तिसऱ्या गटात एक शब्द विशेष अर्थपूर्ण आहे, तो म्हणजे ‘बाहेरचे’. घरातील एखादी व्यक्ती विचित्र वागू लागली की ‘बाहेरचे काही असेल’ असे म्हटले जाते. या एका शब्दात संपूर्ण कारणमीमांसा सामावलेली आहे. पो यांच्या कथेत ठोके आतून येतात. ‘बाहेरचे’ मानणाऱ्या श्रोत्यासाठी ते खरोखरच फळ्यांखालून येऊ शकतात. कारण आत असेल तर निवेदक रुग्ण ठरतो, कारण बाहेर असेल तर तोच साक्षीदार ठरतो. शब्द तेच राहतात. बदलतो तो ऐकणाऱ्याचा निवाडा.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासात वेडाच्या या अनेकार्थी आकलनाची दोन ठळक उदाहरणे आढळतात. पहिले शिर्डीचे. साईबाबा (समाधी १९१८) शिर्डीत आले तेव्हा आरंभीच्या काळात गावकऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना वेडा फकीर मानले होते, असे त्यांच्या चरित्रपरंपरेत नमूद आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथातही लोकांचा हा प्रारंभीचा समज आणि पुढे झालेला पालट आलेला आहे. ज्याचे बोलणे असंबद्ध म्हणून सोडून दिले गेले, त्याच्याच बोलण्याचा पुढे एकेक शब्द जपला गेला. निवेदकाची विश्वसनीयता त्याच्या शब्दांत असते की श्रोत्यांनी दिलेल्या अधिकारात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण राहुरीचे. नगरनजीकच्या मेहेराबाद येथे वास्तव्य असलेल्या मेहेरबाबांनी (१८९४–१९६९) १९३६–३७ मध्ये राहुरी येथे वेड्यांसाठी एक आश्रम चालवला. तेथे सर्वसामान्य मनोरुग्ण होते, तसेच ‘मस्त’ म्हणून ओळखले जाणारे, ईश्वरी ध्यासात देहभान हरपलेले मानले गेलेले लोकही होते. पुढे विल्यम डंकिन या इंग्रज डॉक्टरांनी ‘द वेफेअरर्स’ (१९४८) या ग्रंथात अशा मस्तांची तपशीलवार नोंद केली. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेला लेखक येथे वेडा आणि मस्त असा भेद करू पाहतो, आणि तो भेद बाह्य लक्षणांवरून करणे किती अवघड आहे याची जाणीवही या प्रयत्नातून होते. या वर्गीकरणाची आध्यात्मिक सत्यता हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते ते हे की, सारखेच असंबद्ध बोलणे एका चौकटीत लक्षण, दुसऱ्या चौकटीत बाधा आणि तिसऱ्या चौकटीत साक्षात्कार ठरते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे राहुरीच्या आश्रमाच्या काळी महाराष्ट्रात इस्पितळ, देवऋषी आणि अवलिया या तिन्ही चौकटी एकाच वेळी नांदत होत्या. आजही त्या पूर्णपणे एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या नाहीत.

मराठी गूढकथा आणि नाट्य

या पार्श्वभूमीवर मराठी भयकथा आणि गूढकथा यांकडे पाहिले असता दोन प्रवाह दिसतात. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथाविश्वात, विशेषतः समर्थ आणि अप्पा जोशी यांच्या कथांत, अनिष्ट शक्ती सामान्यतः ‘बाहेरची’ असते. जो माणूस प्रथम भ्रमिष्ट वाटतो तो पुढे बरोबर ठरतो. अविश्वास दाखवणारे लोकच अडचणीत येतात. अशा कथेत निवेदकाच्या विश्वसनीयतेवर आलेले सावट तात्पुरते असते आणि ते दूर होण्यातच वाचकाचे समाधान असते. स्टीफन किंग यांच्या कथेवरून धारपांनी लिहिलेल्या ‘आजी’ या कथेचा आधार ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने काही अंशी घेतला, त्यामुळे धारपांचे लेखन नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

दुसरा प्रवाह रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचा. भूतकथेपासून वेगळी अशी ‘गूढकथा’ त्यांनी प्रतिष्ठित केली. तिच्यातील भयाचा उगम पुष्कळदा मानवी मनाच्या कोपऱ्यात असतो. येथे वाचकाला ‘बाहेरचे’ या स्पष्टीकरणाचा आधार मिळेलच असे नाही आणि ‘आतले’ हे स्पष्टीकरणही पुरे पडत नाही. तोदोरोव्ह यांनी वर्णिलेला अनिर्णय मराठीत मुख्यत्वे या प्रवाहात रुजला असे म्हणता येईल. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीत हा अनिर्णय श्रद्धेच्या क्षेत्रात नेलेला आहे. परशुरामतात्याला लाभलेला साक्षात्कार खरा की त्याच्या मनाचा खेळ, हे कोणी त्रयस्थ सांगू शकत नाही. परंतु त्या विश्वासाने घडवलेला विनाश मात्र सर्वांना दिसतो.

जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ (१९७७) या नाटकाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ‘अंधाराच्या पारंब्या’ या त्यांच्याच कादंबरीवर ते आधारलेले असून विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात विक्रम गोखले यांनी त्यातील प्रमुख भूमिका अजरामर केली. जुना वाडा, घराण्यात चालत आलेले वेड, आणि आपणही त्याच वाटेने जाणार या भीतीने ग्रासलेला, विलायतेत शिकलेला सुधारकी मनाचा नायक, ही मांडणी ‘अशर’ची आठवण करून देते. परंतु एक मूलभूत फरक आहे. नाटकाला निवेदक नसतो. त्यामुळे बॅरिस्टरचे वेड आपण त्याच्या तोंडून न ऐकता डोळ्यांनी पाहतो. आणि जे पाहतो त्यात केवळ त्याचे वेड नसते. तरुण विधवेचे केशवपन करू पाहणारी रूढी त्याच वाड्यात शहाणी म्हणून वावरत असते, आणि तिला विरोध करणारा माणूस मात्र ढासळत जातो. पो यांच्या वाड्यात घराण्याचा रोग भिंतींत मुरलेला आहे. दळवींच्या वाड्यात समाजाचा रोग मुरलेला आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

वरील विवेचनाचा वर्गातील अध्यापनाशी थेट संबंध आहे. पहिली गोष्ट म्हणजे पात्राचे निदान करण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘द टेल-टेल हार्ट’च्या निवेदकाला आधुनिक मनोविकारशास्त्रातील अमुक एक आजार होता असे सांगून कथेविषयी फारसे काही कळत नाही. त्याऐवजी, हा निवेदक कोणत्या स्तरावर घसरतो आणि कोणत्या स्तरावर घसरत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर ते संहितेकडे पुन्हा वळतात.

दुसरी गोष्ट, विद्यार्थ्याने ‘बाहेरचे’ हे स्पष्टीकरण सुचवले तर ते हसण्यावारी नेऊ नये. ते त्याच्या परिसरातून आलेले माप आहे. ते माप कथेला लावले तर काय दिसते आणि काय दिसेनासे होते, याची चर्चा करणे अधिक फलदायी ठरते. अलौकिक स्पष्टीकरण स्वीकारले की ‘द टेल-टेल हार्ट’मधील अपराधी मनाचा आवाज ऐकू येत नाही, हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लक्षात यावे. त्याचबरोबर कथेत जे स्पष्टीकरण चर्चेला घेता येते ते प्रत्यक्ष माणसाच्या बाबतीत घातक ठरू शकते, हेही सांगितले पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट, पो यांच्या कथांमुळे वेड आणि हिंसा यांचे समीकरण मनात दृढ होण्याचा धोका असतो. गॉथिक कथेने भयासाठी ते समीकरण वापरले; ते समाजचित्र नव्हे. मानसिक आजाराने ग्रस्त माणूस धोकादायकच असतो हा समज अशा वाचनाने बळावू नये, याची काळजी अध्यापकाने घ्यावी. म्हणूनच पो यांच्यापाठोपाठ गिलमन शिकवणे आवश्यक वाटते. पो यांचा निवेदक वाचून आपण संशय घ्यायला शिकतो. गिलमन यांची निवेदिका वाचून आपण स्वतःच्या संशयाचाही संशय घ्यायला शिकतो.

हा मुद्दा केवळ वाङ्मयीन नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ४ नुसार, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या उपचाराविषयी घेतलेला निर्णय इतरांना अनुचित किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून तिच्याजवळ निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. ‘द यलो वॉलपेपर’मधील नवऱ्याला नेमके हेच कळले नव्हते. कथेच्या प्रसिद्धीनंतर सव्वाशे वर्षांनी आपल्या कायद्याने त्या निवेदिकेच्या बाजूने बोलायला सुरुवात केली आहे. कायद्यातील हे कलम अमलात आणणारे डॉक्टर, वकील, पोलीस आणि नातेवाईक उद्या आपल्याच वर्गांतून बाहेर पडणार आहेत.

निष्कर्ष

१. गॉथिक लघुकथेतील अविश्वसनीय निवेदक सर्व स्तरांवर सारखाच अविश्वसनीय नसतो. पो यांचा खुनी तपशिलात बराचसा खरा आणि मूल्यांत खोटा आहे. गिलमन यांची निवेदिका दृश्यात चुकलेली आणि निवाड्यात बरोबर आहे.

२. वेड आणि असत्य यांना समानार्थी मानणे चूक आहे. ‘अशर’मधील रॉडरिक आणि ‘क्षुधित पाषाण’मधील मेहेर अली ही दोन्ही पात्रे भ्रमिष्ट असूनही मोक्याच्या ठिकाणी खरे बोलतात.

३. निवेदकाची विश्वसनीयता श्रोत्यांनी दिलेल्या अधिकारावरही अवलंबून असते. शिर्डी आणि राहुरी येथील उदाहरणांतून हे स्पष्ट होते. मराठीतील ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद या दृष्टीने मोलाचा असून समीक्षेने त्याचा वापर करायला हवा.

४. मराठी गूढकथेत धारपांचा प्रवाह अविश्वासाचे निरसन करतो, तर मतकरी आणि खानोलकर यांचे लेखन तो टिकवून धरते. या दोन प्रवाहांचा निवेदनपद्धतीच्या अंगाने स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.

५. या कथांचे वाचन ही एका अर्थाने ऐकण्याची तालीम आहे. ज्याच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या बोलण्यातील कोणता भाग खरा आहे हे शोधण्याची सवय ती लावते. वेडा ठरवून एखाद्याचे बोलणे थांबवणे सोपे असते. ते शेवटपर्यंत ऐकून मग पारखणे अवघड असते. अभिजात गॉथिक कथा वाचकाकडून या दुसऱ्या गोष्टीची अपेक्षा करते, आणि तिच्या अध्यापनाचे प्रयोजनही त्यातच आहे.